लहानपणीचे ऑपरेशन : नाही

फॉर्म मी भरला. मुलगा आणि सून माझ्या शेजारी बसले होते, दोघेही शिकलेले, दोघांकडेही पेन. तरी फॉर्म मी ओढून घेतला, कारण आमच्या घरात रेशन कार्डापासून लग्नाच्या बायोडाटापर्यंत सगळे मीच भरते. मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका आहे. कामठीच्या आसपासच्या अंगणवाड्यांची रजिस्टरे तपासणे हेच माझे काम: मुलांची वजने, लसी, गरोदर बायांच्या तारखा. रिकामा रकाना दिसला की माझ्याने राहवत नाही.

नाव, वय, लग्नाला किती वर्षे, व्यसन, मधुमेह, गालगुंड. सातव्या ओळीत विचारले होते, लहानपणी झालेले ऑपरेशन. मी लिहिले, ‘नाही’. पेन अडखळलेसुद्धा नाही.

ते खोटे होते. खोटे आहे हे मला माहीत होते, आणि तरी त्या क्षणी आपण खोटे लिहितो आहोत असे मला वाटले नाही. हे कसे झाले ते सांगायचे तर मुलाच्या लग्नापासून सुरुवात करावी लागेल.

माझा नवरा या लग्नाच्या तीन वर्षे आधीच गेला होता. स्थळे बघण्याचे काम माझ्यावर आणि माझ्या मोठ्या बहिणीवर पडले. मुलाच्या नावाची एक फाइल मी त्याच्या जन्मापासून ठेवली आहे. त्यात जन्मदाखला, लसीचे कार्ड, मार्कशीट, आणि एक पिवळे पडलेले डिस्चार्ज कार्ड होते. तो दीड वर्षाचा असताना रडला की त्याच्या दोन्ही जांघांत गोळा यायचा. हर्निया. नागपुरातल्या एका दवाखान्यात दोन्ही बाजूंचे ऑपरेशन एकाच दिवशी झाले. चौथ्या दिवशी तो पलंगावर उड्या मारत होता. नंतर तो विसरला, कारण आठवण राहण्याचे ते वयच नव्हते, आणि आम्हीही त्याला कधी सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे वाटलेच नाही.

मुलीकडचे येणार त्याच्या आदल्या दिवशी बहिणीने फाइल चाळली आणि ते कार्ड दोन बोटांत धरले.

“हे काढ पहिले. जांघेचं ऑपरेशन म्हटलं का लोकं भलतंच समजतात. पोराचं लगन करायचं हाये का नाही तुले?”

“अवं, हर्निया होता. त्यात काय?”

“तुले माहीत हाये हर्निया होता. लोकांले काय माहीत? उगाच चर्चा.”

मी कार्ड काढले आणि लोखंडी कपाटात, तळाला अंथरलेल्या कागदाखाली सरकवले. बायोडाटावर लिहिले, तब्येत उत्तम. पुढे त्याच्या नोकरीच्या फॉर्मवरही ‘नाही’ लिहिले. कुठलेही उत्तर चार-पाच वेळा लिहिले की हाताला त्याची सवय होते. मग हात विचारायला थांबत नाही.

लग्न झाले. सून कन्हानची. तिचे वडील खाणीतून निवृत्त झालेले. ती सीताबर्डीला एका चष्म्याच्या दुकानात काम करते, मुलगा गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुपरवायझर. दीड वर्ष गेले तरी काही नाही, तेव्हा मी एक नवे रजिस्टर घातले. डावीकडे तारीख, मग डॉक्टर, मग तपासणी, मग निकाल. सुनेला घेऊन मीच जायचे. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, शेवटी बेशुद्ध करून पोटात दुर्बीण. दोन वर्षांत सतरा नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीपुढे नॉर्मल.

त्याच काळात मी विहीणबाईंना, म्हणजे सुनेच्या आईला, फोन केला होता. रजिस्टरात एक रकाना रिकामा होता, ‘घराण्यातला इतिहास’. मी अगदी कामाच्या आवाजात विचारले, “तुमच्याकडे कोणाला असं आहे का? मूल न होणारं कोणी?” त्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग त्या म्हणाल्या, “नाही बाई.” मी ‘नाही’ लिहून फोन ठेवला.

एका रविवारी सून भाजी निवडता निवडता म्हणाली, “आई, तुमच्या रजिस्टरात ह्यांची एकही ओळ नाही.”

मी रजिस्टर उघडून पाहिले. खरेच नव्हती. रोज दुसऱ्यांची रजिस्टरे तपासून चुका काढणारी मी, आणि अर्धे पान कोरे राहिलेले मला दोन वर्षे दिसले नव्हते.

मुलगा मोबाइल पाहत होता. “मले काय झालं? मी ठणठणीत हाये.”

“मीबी ठणठणीतच हावो,” सून म्हणाली. “तरी सतरा डाव गेली.”

तो गेला. त्याच्या तपासणीला ना बेशुद्धी, ना सुई. दोन-तीन दिवस पथ्य पाळायचे, एका खोलीत जाऊन डबीत नमुना द्यायचा आणि घरी यायचे. संध्याकाळी मी रिपोर्ट आणायला गेले. शुक्राणूंच्या संख्येपुढे शून्य छापलेले होते. मी खिडकीतल्या मुलीला विचारले, “इथे आकडा टाकायचा राहिला का?”

“नाही मॅडम. शून्यच आहे.”

माझ्या रजिस्टरात शून्य म्हणजे त्या दिवशी अंगणवाडी बंद होती. दुसरा अर्थ मला माहीत नव्हता. मी तिथेच बाकावर बसले. समोर भिंतीला आग विझवायचे सिलिंडर टांगलेले होते, त्यावरची मुदत वाचली. संपली होती. हे कुणाला तरी सांगायला हवे, असे मी मनात लिहून घेतले. हातातल्या कागदाबद्दल मात्र काय लिहून घ्यायचे ते कळेना.

एका नमुन्यावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरा दिला. तोही शून्य.

मग आम्ही एका मोठ्या सेंटरमध्ये गेलो. सुरुवातीला सांगितला तो फॉर्म तिथला. तिथे मुलाला कुणी टेबलावर झोपवून तपासले नाही, रक्तही काढले नाही. एका सल्लागार बाईंनी पाच मिनिटांत सांगितले की दात्याचे वीर्य वापरता येईल, सगळे गुप्त राहते, घरात कुणाला सांगायचीही गरज नाही. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली होती. मुलगा त्या फुलीकडे बघत राहिला. सुनेने कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकला.

“विचार करून सांगतो,” ती म्हणाली.

पुढचे सहा महिने आमच्या घरात फार वाईट गेले. मुलगा पुढच्या खोलीत झोपू लागला. मित्राच्या मुलाच्या वाढदिवसाला गेला नाही, मग मित्रांकडेच जाईना. मला स्वस्थ बसता येत नाही, म्हणून मी कारणांची यादी केली. जिथे जिथे वाचायला मिळाले, विचारता आले, तिथून जमवली: तंबाखू, दारू, अंगात भिनलेली उष्णता, मोठेपणी झालेले गालगुंड, अंडकोषाच्या शिरा फुगणे, जिममधली इंजेक्शने, हार्मोनची गडबड, अजून काही. यादी फ्रिजला लावली आणि एकेक कारण घरातून हाकलायला सुरुवात केली.

“खर्रा आजपासून बंद,” यादीतल्या तंबाखूवर बोट ठेवून मी म्हणाले.

“मी खातच नाही.”

“मग तुह्या पँटीच्या खिशात पन्नी कशाची निघाली, औषधाची?”

“आई, दिवसातून एक पुडी.”

“एकबी नाही. आणि मांडीवर लॅपटॉप नाही. आणि गरम पाण्यानं आंघोळ नाही.”

“थंडीतबी?”

“थंडीतबी.”

त्याने सगळे ऐकले. डिसेंबरात थंड पाण्याने आंघोळ करून दात वाजवत कामाला गेला. माझ्या यादीत अकरा कारणे होती. ऑपरेशन त्यात नव्हते. हर्निया म्हणजे पोटाचा आजार, एवढेच माझे ज्ञान. हजार मुलांची वजने मी तपासली असतील, पण हे मला ठाऊक नव्हते.

सहा महिन्यांनी सुनेनेच चौकशी करून पुरुषांच्या या आजाराचे डॉक्टर शोधले. तिथलाही फॉर्म मी भरला. तिथेही ‘नाही’.

या डॉक्टरांनी आधी रक्तातले हार्मोन तपासायला पाठवले. आठवड्याने ते रिपोर्ट पाहून मुलाला पडद्यामागे नेले आणि दहा मिनिटे तपासले. मग आम्हा दोघींना आत बोलावले.

“हार्मोन नॉर्मल आहेत. अंडकोषांचा आकार चांगला आहे. म्हणजे शुक्राणू तयार होत असावेत, बाहेर येण्याचा रस्ता बंद असावा.” ते फॉर्म पाहत होते. “इथे ऑपरेशन नाही असं लिहिलंय. पण दोन्ही जांघांत जुने व्रण आहेत. फार बारीक आहेत, घडीत गेलेत, पण आहेत.”

मुलगा पट्टा लावता लावता म्हणाला, “ते काही नाही सर. चड्डीच्या इलॅस्टिकचे वळ आहेत. लहानपणापासून आहेत.”

डॉक्टरांना हसू आले. “इलॅस्टिकचा वळ दुसऱ्या दिवशी जातो.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी पाहिले की माझा हात टेबलावरच्या त्या फॉर्मवर, ऑपरेशनच्या ओळीवर जाऊन पडला आहे. जणू ती झाकायची होती. मी हात उचलला.

“हर्निया,” मी म्हणाले. माझा आवाज हजेरी घेतल्यासारखा निघाला. “दोन्ही बाजूंचा. दीड वर्षाचा होता.”

मुलगा पट्टा हातात धरून तसाच उभा. सून माझ्याकडे वळली आणि माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली.

“पण ते तर पोटाचं असतं,” मी डॉक्टरांना म्हणाले. “त्याचा याच्याशी काय संबंध?”

त्यांनी कागदावर चित्र काढले. अंडकोषातून शुक्राणू वर नेणारी नळी जांघेतून जाते. हर्नियाची पिशवी तिला चिकटूनच असते. दीड वर्षाच्या मुलात ती नळी दोऱ्याएवढी बारीक. ऑपरेशनात तिला इजा होऊ शकते, ती बांधली जाऊ शकते. एका बाजूला झाले तर जन्मभर कळतही नाही. दोन्ही बाजूंना झाले की असे शून्य येते. “क्वचित होतं, पण होतं,” ते म्हणाले. “त्या सर्जनला दोष देता येणार नाही. फक्त हे आधी माहीत असतं, तर पहिल्याच दिवशी हा विचार करता आला असता. डिस्चार्ज कार्ड वगैरे काही आहे का हो?”

“आहे,” मी म्हणाले.

“आहे?” सून म्हणाली. केबिनमध्ये ती बोललेला हा एकच शब्द.

मेट्रोत, आणि पुढे कामठीच्या शेअर ऑटोत, मागच्या सीटवर आम्ही तिघे एकमेकांना चिकटून बसलो होतो. घरी आल्यावर मी कपाटातले कपडे खाली काढले, कागद उचलला, कार्ड मुलाच्या हातात दिले. त्याने ते बराच वेळ वाचले.

“वजन नऊ किलो,” तो म्हणाला. मग म्हणाला, “म्हणजे मी थंडीत थंड पाण्यानं आंघोळ फालतू केली?”

मला वाटले तो हसेल. तो हसला नाही.

“सहा महिने झाले, आई, मी स्वतःले नामर्द समजून राहिलो. रस्त्यानं जाताना वाटे सगळ्यांले माहीत हाये. तुले माहीत होतं.”

“मले खरंच माहीत नव्हतं रे, त्याचा याच्याशी...”

“ऑपरेशन झालं हे त माहीत होतं ना?”

कार्ड का काढले, कुणाच्या सांगण्यावरून, ते मी सगळे सांगितले. सांगताना ते इतके क्षुल्लक वाटत होते की मधेच लाज वाटून मी थांबले. एका चर्चेच्या भीतीने, जी चर्चा कुणी केलीही नव्हती.

सुनेने रजिस्टर आणले आणि माझ्यापुढे उघडून ठेवले. तिने एका नोंदीवर बोट ठेवले, दुर्बिणीची तारीख.

“ह्या दिवशीबी कार्ड कपाटातच होतं ना?”

“होय.”

“माझ्या आईले तुम्हीच सांगा. फोनवर नाही, घरी जाऊन. तुम्ही तिले काय विचारलं होतं ते आठवते ना?”

आठवत होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कन्हानला गेले. काय बोलायचे त्याचे चार मुद्दे कागदावर लिहून नेले होते. विहीणबाई दारातच होत्या.

“जयभीम, बाई. एकट्याच? पोरं नाही आले?”

मी आत बसले. व्याही खुर्चीत पेपर वाचत होते. पाणी प्यायले आणि कागद हातात धरून चारही मुद्दे एका दमात सांगितले: दोष तुमच्या मुलीत नाही, कारण माझ्या मुलाचे लहानपणचे हर्नियाचे ऑपरेशन आहे, ते मी लग्नात लपवले, आणि त्यामुळे तुमच्या मुलीच्या सतरा तपासण्या झाल्या.

विहीणबाई ऐकून घेऊन नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलं का जी? जावयाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं म्हणून यायनं कार्ड लपवलं म्हणे.”

व्याह्यांनी पेपर खाली केला. “हर्निया? माह्यं दोन डाव झालं. खाणीत वजन उचलून उचलून आमच्या पाळीत किती जणांचं झालं. ते काय लपवाची गोष्ट हाये?” मग थोडे थांबून, डोके खाजवत म्हणाले, “तसं लग्नात आम्हीबी नाही सांगतलं. हिनंच म्हटलं, पोराकडच्यांले वाटंल पोरीच्या बापात काही खोट हाये.”

समोरासमोर बसून दोन्ही घरांनी एकच ऑपरेशन एकमेकांपासून लपवले होते. माझा चारकलमी कागद मांडीवर तसाच पडला होता.

पण विहीणबाई हसत नव्हत्या.

“कार्डाचं जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही मले फोनवर विचारलं होतं, तुमच्या घराण्यात कोणी असं हाये का. त्या दिवसापासून म्या माहेरचे, सासरचे, सगळे मोजले. कोणाची आत्या, कोणाची मावशी. कोणाले लेकरू नव्हतं, आठवून आठवून पाह्यलं. पोरगी घरी आली का तिच्या तोंडाकडे पाहून वाटे, मीच हिले काही वाईट दिलं का.”

मी रकाना भरून फोन ठेवला होता. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला दोन वर्षे काय चालले होते याची मला कल्पना नव्हती.

“चुकली मी,” मी म्हणाले.

“चुकल्या,” विहीणबाई म्हणाल्या. “चहा टाकते.”

डॉक्टरांनी पुढचे नीट समजावले. इतक्या जुन्या, जखडलेल्या जागी नळी पुन्हा जोडणे कठीण, जोडली तरी चालेलच असे नाही. दुसरा मार्ग म्हणजे अंडकोषामागच्या गुंडाळीतून सुईने थोडा द्रव काढायचा आणि त्यात शुक्राणू आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. मिळाले तर ते सुनेच्या बीजात एकेक टोचून गर्भ तयार करता येतो. नाही मिळाले तर तो पेन्सिलीची फुली मारलेला कागद होताच.

सुईच्या दिवशी फॉर्म आला. मी हात पुढे केला, पण सुनेने तो आधीच घेतला होता.

“लहानपणी ऑपरेशन?” तिने मला विचारले, सगळ्या बाकावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“हर्निया. दोन्ही बाजू.”

“गालगुंड?”

“पाच वर्षांचा होता तेव्हा.”

“अजून?”

मी सांगत गेले. कावीळ, पलंगावरून पडला ते, डोक्याला तीन टाके, शाळेत असताना आलेला तो ताप ज्यात मी दोन दिवस डोळा मिटला नव्हता. जागा संपली तेव्हा तिने कागद उलटा केला. विहीणबाई मधे डबा घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “जन्माचीबी वेळ सांगा आता,” आणि पहिल्यांदा आम्ही तिघी एकदम हसलो.

मुलाला आत नेऊन तास झाला. त्या दाराच्या काचेला आतून पांढरा कागद लावलेला होता. मी काही मोजायचा प्रयत्न केला, फरशा, खुर्च्या, आणि प्रत्येक वेळी आकडा विसरले. दार उघडले तेव्हा आधी डॉक्टर आले. त्यांनी मास्क खाली केला.

“आहेत. हलताहेत.”

सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मी विचारले, “किती?” माझ्या तोंडून दुसरे काही निघालेच नाही. ते म्हणाले, “पुरेसे आहेत, काही गोठवून ठेवता येतील.”

मुलाला चाकाच्या खुर्चीत आणले. भूल उतरत होती, डोळे अर्धे मिटलेले. त्याने माझा पदर धरला. कार्ड हातात दिल्या दिवसापासून त्याने मला हात लावला नव्हता.

“आई, मले टीव्हीवर दाखवले. पळून राहिले ना वं.”

“कोण पळून राहिले?” विहीणबाई म्हणाल्या.

“माह्ये,” तो म्हणाला आणि रडू लागला.

पहिल्या खेपेला गर्भ टिकला नाही. दुसरी खेप पुढच्या महिन्यात आहे. टिकेल की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, आणि डॉक्टरही तसेच सांगतात. माझ्या बहिणीला हे कळले तेव्हा तिचा फोन आला. आवाज खाली करून म्हणाली, “सुईनं झालं हे कोणाले सांगू नको बरं. उद्या लेकराच्या लग्नात आडवं येईन.” अजून न झालेल्या मुलाच्या लग्नाची तिला आत्तापासून काळजी होती. मी म्हटले, “ताई, मी कन्हानला सांगून बसली,” आणि दुसरा विषय काढला.

रजिस्टर आता सुनेकडे असते. कपाटात नाही, टीव्हीशेजारी, कुणालाही दिसेल असे. तिने पानाच्या मधोमध रेघ मारून डावी बाजू स्वतःला आणि उजवी त्याला दिली आहे. उजव्या बाजूच्या पहिल्या ओळीत, सगळ्यांत जुन्या तारखेपुढे, त्याचे दीड वर्षाचे वय आणि नऊ किलो वजन लिहिलेले आहे. मी त्यात काही लिहीत नाही. तिने विचारले की सांगते.